बाबांच्या हाताला कोमट

माझे बाबा बेकरीत भट्टीवर काम करतात. एकोणचाळीस वर्षं झाली. पहाटे चारला जातात, दुपारी बाराला येतात, आणि आल्यावर त्यांच्या अंगाला जो ताज्या पावाचा वास येतो तो दोनदा साबण लावूनही जात नाही. त्यांचे तळहात मात्र बघण्यासारखे आहेत. रंग भाजलेल्या बिस्किटाचा आणि कातडी अशी की सुई टोचली तर सुईच वाकेल. भट्टीतून काढलेला पाव ते नुसत्या हाताने उलटा करतात, बुडावर बोटाच्या पेराने टकटक करतात, आणि आवाजावरून सांगतात की झाला की नाही. आमच्या घरात सांडशी आहे, पण ती आईची आणि माझी. बाबा उकळत्या चहाचं पातेलं बोटांनी धरून उतरवतात, गाळतात, आणि वर विचारतात, "फार निवला तर नाही ना गं?"

मी आठ महिन्यांची असताना आईला ताप आला होता. मला आंघोळ घालायचं काम त्या दिवशी बाबांवर आलं. त्यांनी बादलीत हात घातला, म्हणाले, "कोमट आहे," आणि पहिला तांब्या माझ्या पायांवर ओतला. मी जो सूर लावला तो ऐकून आई तापातली उठून आली. तिने पाण्यात आपलं कोपर बुडवलं, बाबांकडे एकदा पाहिलं, आणि मला उचलून घेतलं. पाय लाल झाले होते, तेवढंच. संध्याकाळपर्यंत तेही उतरलं. पण त्यानंतर मला आंघोळ घालायची पाळी बाबांवर कधी आली नाही. ही गोष्ट ते स्वतःच चारचौघांत हसत हसत सांगतात. सांगून झालं की मात्र उठून आत निघून जातात. मुलीला तळहातावरच्या फोडासारखं जपलं असं लोक म्हणतात ना, तसं बाबांनी मला खरोखर जपलं. अडचण एवढीच की त्यांच्या तळहातावर फोडच येत नाही.

आई पडदे शिवते. पडद्यांच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत तीन मशिनं आहेत, त्यातलं खिडकीजवळचं तिचं. हॉटेलांचे पडदे, सभागृहांचे पडदे, नाटकाच्या स्टेजचेसुद्धा. कापड जाड, त्याला आतून अस्तर, आणि खालच्या मुडपीत नीट लोंबावं म्हणून घातलेली वजनाची साखळी. असा एक पडदा मशिनवर चढवायचा म्हणजे मांडीवर धान्याचं पोतं घेऊन बसण्यासारखं. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या सभागृहाचं काम आलं, आणि त्या कामात तिची कंबर धरली ती धरलीच.

तेव्हापासून शेक सुरू झाला. आई साडेतीनला घरी यायची. बाबांची झोप तोवर झालेली असायची. चारच्या ठोक्याला ते स्वयंपाकघरात पाणी तापवायचे, रबराच्या पिशवीत भरायचे, बूच घट्ट लावून पिशवी उलटी करून झटकायचे, मग दोन्ही तळहातांत धरून दाबून बघायचे आणि म्हणायचे, "झकास. कोमट आहे." आई पलंगावर पालथी पडायची. बाबा तिच्या कंबरेवर, कपड्यावरूनच, पिशवी ठेवायचे आणि शेजारी स्टुलावर बसून बेकरीतल्या बातम्या सांगायचे. आज कुणाचा ट्रे खाली पडला, यीस्ट कशी फुगली नाही, भोंगा काय म्हणाला. भोंगा म्हणजे त्यांच्याबरोबर पीठ मळणारा गडी. तो कानात सांगितलेली गोष्टही चौकापर्यंत पोचवतो म्हणून हे नाव. अर्धा तास असा जायचा. मी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडेच राहते, त्यामुळे कितीतरी वेळा हा अर्धा तास मी दाराशी उभी राहून पाहिला आहे. आई डोळे मिटून "हं, हं" म्हणत असायची. मला वाटायचं, किती आराम पडतो तिला.

यंदा दुखणं वाढलं. बसलं की उठवेना आणि उठलं की बसवेना. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. तिथे येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने एका फिजिओथेरपिस्ट बाईंचं नाव सुचवलं. मी सुट्टी घेतली आणि आईला घेऊन गेले.

दवाखाना तळमजल्यावर, एका खोलीत तीन खाटा आणि मध्ये पडदे. आईने आत शिरताच पडद्याची मुडप उलटून पाहिली. "टाके लांब घातलेत," ती मला हळूच म्हणाली. "दोन धुण्यांत उसवेल."

फिजिओ बाई तरुण होत्या, केस आखूड, बोलणं मोकळं. त्यांनी आईला वाकायला लावलं, वळायला लावलं, मग पालथं झोपवून पाठीवरचा कपडा वर केला. आणि थांबल्या.

"काकू, इथे काय लावता?"

"काही नाही," आई उशीत तोंड ठेवून म्हणाली.

मी पुढे होऊन पाहिलं. कंबरेच्या वर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, तपकिरी-लालसर रेषांची जाळी उमटली होती. जुन्या चिनीमातीच्या बशीला चकचकीत थराखाली बारीक तडे गेलेले असतात ना, तशी. फोड नाही, जखम नाही. नुसती जाळी, पिशवीच्या आकाराची.

"शेक घेता का?" बाईंनी विचारलं. "रोज?"

"घेते की."

"किती गरम?"

"कोमट."

"आणि कोमट आहे की नाही हे कोण ठरवतं?"

 "मीच," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याच्या मुडपीकडे बघत होती.

बाईंनी दोन काचेच्या नळ्या आणल्या, एकीत गार पाणी, एकीत गरम. आईला डोळे मिटायला सांगून त्या एकेक नळी एकेका ठिकाणी टेकवू लागल्या आणि शून्य ते दहा आकड्यांत सांगा म्हणाल्या, शून्य म्हणजे काहीच लागत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तळहात, कोपराची आतली बाजू, पोटरी, खांदा. आई प्रत्येक ठिकाणी म्हणाली, "दोन." मग बाईंनी गरम नळी पोटाच्या एकाच जागी पाच वेळा टेकवली. पाचव्या वेळी आईने पोट आत ओढून घेतलं आणि म्हणाली, "दोन."

"काकू," बाई म्हणाल्या, "हे खरं दोन आहे, की पाहुण्यांपुढचं दोन?"

आई हसली. "पाहुण्यांपुढचं."

"मग खरं?"

"पाच असेल. सहा."

शेवटी त्या जाळीवर नळी टेकवली. आईने बराच वेळ घेतला. "गरम... वाटतंय. आहे का गरम?"

बाईंनी मला समजावून सांगितलं. अंगाचा प्रत्येक भाग उष्णता सारख्याच रीतीने घेत नाही. तळव्याची कातडी जाड, तिथे कळायला उशीर. कोपराच्या आत पातळ, तिथे लगेच कळतं. आणि तीच ऊब एकाच जागी पुन्हा पुन्हा दिली की कुठली जागा सरावते, कुठली जागा उलट चिडते. त्यातही माणसामाणसांत फरक. "काकूंची पाठ सरावली," त्या म्हणाल्या. "पण सरावली म्हणजे तिला काही होत नाही असं नाही. रोजच्या रोज जास्त उष्णता दिली की कातडीवर अशी जाळी उठते. त्वचेच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. आणि पिशवी जे कोणी भरतं," त्यांनी आईकडे न बघता म्हटलं, "त्यांना पुढच्या वेळी घेऊन या."

त्वचेच्या डॉक्टरांनी घाबरण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलं. शेक पूर्ण बंद, डाग हळूहळू फिकट होतील, नाही झाले तर परत या.

परतताना आई माझा दंड धरून चालत होती. कोपऱ्यावर थांबली. "बाबांना सांगायचं नाही," ती म्हणाली.

"आई, अगं पाठ भाजत आलीये तुझी."

"भाजली नाही ना? मग झालं तर. ते एकदा पाण्यावरून कानकोंडे झालेत, तुझ्या वेळी. अजून विसरले नाहीत. पुन्हा नको."

"तुला लागत नव्हतं?"

"पहिली पाच मिनिटं लागायचं. मग नाही लागत."

"आणि ती पाच मिनिटं कशी काढायचीस?"

"ते बोलत असतात ना," आई म्हणाली, आणि चालायला लागली.

घरी आम्ही असं सांगितलं की बाई म्हणाल्या, शेक नको, व्यायाम करा. बाबांनी मान हलवली. "शेकाने काय बिघडतं?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी चार वाजता आई जमिनीवर सतरंजी टाकून पाय वर-खाली करू लागली. बाबा दारात येऊन उभे राहिले. स्टूल ठेवायला जागा नव्हती, कारण तिथे आईचे पाय होते. आकडे मोजत व्यायाम करायचा असल्यामुळे तिच्याशी बोलताही येईना. दोन-तीन दिवस त्यांनी बातम्या सांगून पाहिल्या, आई म्हणायची, "थांबा हं, अकरा, बारा..." मग ते स्वयंपाकघरात जाऊन बसू लागले. पिशवी खुंटीवर लोंबत होती. आठवड्याने मी गेले तर बाबा टेबलाशी बसून कालचं वर्तमानपत्र आज वाचत होते.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. तिला बरं वाटतंय ना? मग झालं." आणि पान उलटलं.

पुढचं मला नंतर कळलं, ते असं. त्या शुक्रवारी बाबा भट्टीवरून सुटल्यावर घरी न येता सरळ त्या दवाखान्यात गेले. हातात बनपावांचा पुडा. दारातल्या मुलीला म्हणाले, आमच्या हिच्या पाठीबद्दल विचारायचं आहे, दोन मिनिटं. बाईंना वाटलं, बोलावलं होतं त्याप्रमाणे आलेत. त्यांनी पुडा टेबलावर ठेवून घेतला आणि सरळच विचारलं, "काका, पिशवी तुम्ही भरता ना?"

"हो, मीच भरायचो. पण तुम्ही बंद केलीत. मी विचारायला आलो की थोडा शेक चालेल का? तिला आराम पडायचा हो."

"किती गरम आहे ते कशाने बघता?"

बाबांनी दोन्ही तळहात पुढे केले. बाईंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले. मग त्यांनी बाबांचे डोळे मिटवून नळ्या टेकवल्या. तळहातावर गरम नळी टेकवल्यावर बाबा म्हणाले, "गार आहे का? नाही, साधी आहे." तीच नळी कोपराच्या आत टेकवली तेव्हा त्यांनी हात झटकला आणि डोळे उघडले. "ही दुसरी होती."

"तीच होती, काका."

"पुन्हा लावा."

त्यांनी पुन्हा लावली. बाबांनी डोळे उघडे ठेवले होते. तीच नळी. तळहात, काही नाही. कोपर, चटका. मग बाईंनी सांगितलं, जाळीचं, आईच्या त्या 'दोन'चं, डॉक्टरांचं, सगळं. त्यांना कुठे माहीत होतं की बाबांना यातलं अक्षरही ठाऊक नाही.

तीनच्या सुमाराला बाबा माझ्या दुकानात आले. असे ते कधी येत नाहीत. मी आतल्या खोलीत एका भिंगाची कड घासत होते. बाहेर आले तर ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलेले, समोर अक्षरांचा तक्ता, आणि ते त्यातली सगळ्यात खालची ओळ वाचायचा प्रयत्न करताहेत असं वाटावं इतके एकटक बघताहेत.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.

"तिने सांगू नको म्हटलं असेल."

"हो."

"तीन वर्षं," बाबा म्हणाले. "रोज. मी ती पिशवी ठेवायचो आणि वर विचारायचो, बरं वाटतंय का? ती हं म्हणायची." त्यांनी तळहात मांडीवर पालथे घातले. "तुझ्या वेळी तू रडलीस तरी. हिने तेवढंही केलं नाही."

 मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायले, पेला खाली ठेवला, आणि म्हणाले, "चल माझ्याबरोबर. एकट्याने जायचा धीर होत नाही." एकोणचाळीस वर्षं भट्टीच्या तोंडात हात घालणारा माणूस असं म्हणाला म्हणून मी तशीच निघाले, दुकान सोबतिणीवर सोपवून.

आई नुकतीच आली होती, पायातलं काढत होती. आम्हा दोघांना एकदम बघून ती समजली. ती म्हणाली, "त्या बाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही वाटतं."

"त्यांचा दोष नाही. मीच गेलो होतो," बाबा म्हणाले. "दाखव."

"काय दाखवायचंय त्यात? चहा टाकते."

"अगं दाखव ना."

आई पलंगाच्या कडेला पाठ करून बसली आणि कपडा वर केला. खिडकीतून उजेड येत होता. बाबांनी खूप वेळ पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला, जाळीपासून वीतभर अंतरावर थांबवला आणि मागे घेतला.

"ठेवा की हात," आई म्हणाली. तिला न बघताच कळलं होतं. "हात काही पोळत नाही तुमचा."

बाबांनी हात ठेवला. मी चहा टाकायला आत गेले आणि दूध बराच वेळ शोधत राहिले.

सहा आठवड्यांनी फिजिओ बाईंनी थोड्या शेकाला परवानगी दिली. जाळीची जागा सोडून, टॉवेलमधून, दहा मिनिटं, तेही रोज नाही. पाणी किती ऊन असावं त्याचा आकडा त्यांनी कागदावर लिहून दिला. बेकरीत पिठाचं तापमान बघायचा एक थर्मामीटर होता; मालकाने आणला होता आणि बाबांनी त्याला आजवर हात लावला नव्हता, कारण पीठ हाताला कळतं असं त्यांचं मत. तो थर्मामीटर बाबा मागून घरी घेऊन आले. आणि मग दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं सुरू झालं. आकड्याच्या खाली चार अंश, मग सहा, वरून टॉवेलच्या दोन घड्या, त्यावर आणखी चादर.

तिसऱ्या वेळी आई म्हणाली, "अहो, ही पिशवी आहे की मेलेला मासा?"

बाबा चमकले. तीन वर्षांत पिशवीबद्दल आलेली ही पहिली तक्रार.

"गार आहे?"

"तुम्हीच ठेवून बघा पाठीवर."

"ठेवतो," बाबा म्हणाले. "पण ही नाही. मी भरायचो ना, तशी भरून दे मला."

"काहीतरीच काय."

"नाही. तशीच."

तो रविवार होता आणि मी तिथेच होते. आई ऐकेना, बाबा ऐकेनात. ज्याचं जळतं त्याला कळतं, मला कळू दे, असं म्हणून बाबा शर्ट काढून पालथे पडलेसुद्धा. शेवटी असं ठरलं की पाणी तसं, पण टॉवेलची एक घडी घालायची आणि अर्ध्या मिनिटाच्या वर ठेवायची नाही. घड्याळ माझ्याकडे. आईने शिवणाचा खडू आणला, आकडे लिहायला.

"कागदावर लिही ना," मी म्हटलं.

"कुठल्या जागेचा कुठला आकडा ते मग कळत नाही," आई म्हणाली. कापड बेतण्याची तिची पद्धत तीच, माप कापडावरच.

पिशवी बाबांच्या कंबरेवर ठेवली. त्यांनी उशी दातांत धरली.

"किती?"

"तीन."

"पाहुण्यांपुढचं?"

"सहा," बाबा उशीतून म्हणाले.

आईने पिशवीशेजारी पाठीवरच सहा लिहिला. अर्धं मिनिट झाल्यावर पिशवी उचलली, जरा थांबून तिथेच पुन्हा ठेवली. सात. पुन्हा. "नऊ. अगं उचल, उचल." आईने उचलली. मग तीच पिशवी पोटरीवर: चार, चार, तीन. पावलाच्या तळव्यावर: दोन, एक, एक. बाबा उठून बसले आणि तळहात पुढे केला. एक. शून्य. शून्य. तोवर पिशवी थोडी निवली असेल, पण थोडीच. बाबा आपल्या हाताकडे आणि मग मान वळवून, दिसत नसलेल्या पाठीकडे बघायला लागले.

"माणूस एक, पाणी एक," ते म्हणाले, "आणि पाठीला नऊ, हाताला शून्य. मी शून्य बघून द्यायचो."

"तुमची पाठ चिडते," मी म्हटलं. "आईची सरावली."

बाबा आईकडे वळले. "तुझी सरावली, की तू सोसलंस? खरं सांग."

आई खडू बोटांत फिरवत होती.  "मलाही नाही सांगता यायचं," ती म्हणाली. "सुरुवातीला सोसत होते, हे नक्की. तुम्ही इतक्या निगुतीने भरायचात, झटकायचात, म्हटलं कशाला मन मोडायचं. मग हळूहळू लागायचं कमी झालं. मी कुरकुरले नाही म्हणून तुम्ही आणखी ऊन भरायला लागलात. मला वाटायचं, आता एवढ्याने काय होतंय. कुठे सोसणं संपलं आणि कुठे कळेनासं झालं ते माझं मलाच ठाऊक नाही."

"मग बोलायचं नाहीस का?"

"बोलले असते तर तुम्ही पिशवी भरणं सोडलं असतंत. आणि त्या स्टुलावरून उठून गेला असतात. व्यायाम सुरू झाला तेव्हा गेलातच की."

"तुझे पाय होते ना तिथे."

"पाय काय, सरकवता येतात."

बाबांनी स्टुलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला वाटलं, तुला आता माझी बडबड नको झाली."

"अहो, मी त्या बडबडीसाठी पाठ भाजून घेतली," आई म्हणाली, आणि मग तिलाच त्याचं हसू आलं. ती हसायला लागली तशी तिची कंबर दुखली, आणि ती कंबर धरून हसत राहिली. बाबा हसले नाहीत. त्यांनी तिच्या हातातला खडू काढून घेतला, कागदाच्या कपट्यावर काहीतरी लिहिलं आणि कपाटाच्या दाराला लावलं. मी नंतर पाहिलं. लिहिलं होतं: "दोन चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले ते पाठीवर खडूचे आकडे घेऊनच. आईने पुसले होते, पण शिवणाचा खडू चिवट असतो. भट्टीपाशी शर्ट काढल्यावर भोंग्याने ते पाहिले. दुपारपर्यंत चौकातल्या चहावाल्यालाही माहीत झालं होतं की भट्टीवाल्याच्या बायकोने नवऱ्याच्या पाठीवर हिशेब मांडायला सुरुवात केली आहे. बाबांनी कुणाला काही खुलासा दिला नाही.

पुढे सगळं हळूहळू मार्गी लागलं. आकडा आणि थर्मामीटर राहिला, पण शेवटचा शब्द आईच्या पाठीचा. पिशवी ठेवली की बाबा विचारतात, "किती?" आणि आई खरा आकडा सांगते, पहिल्यांदा, पाच मिनिटांनी, आणि उचलताना, असं तीनदा. जाळी फिकट होत गेली. सात महिने झाले; डाव्या बाजूला दोन रेषा अजून आहेत. फिजिओ बाईंनी आईचं मशिनचं टेबल चार बोटं उंच करायला लावलं आणि त्याने दुखणं खरं कमी झालं. व्यायाम चालूच आहे. व्यायामाचे आकडे आता बाबा मोजतात, मध्येच बातमी सांगतात, आणि आकडा विसरतात, म्हणून आईला दहाऐवजी कधी सात आणि कधी पंधरा होतात.

पण आईला खरं सांगायची सवय लागली ती पाठीपुरती राहिली नाही. गेल्या महिन्यात तिने दुकानाच्या मालकांना सांगितलं की वजनाची साखळी घातलेला पडदा मी यापुढे एकटी उचलणार नाही, मला तो आठ लागतो. मालकांना आठ म्हणजे काय ते कळलं नाही, पण तिचा चेहरा कळला असावा. आता उचलायला दुसरं माणूस येतं. त्याच संध्याकाळी घरी येऊन तिने बाबांना सांगितलं की तुमचं घोरणं सहा, तुमचा पाण्यासारखा चहा चार, आणि चौतीस वर्षं तुम्ही आंघोळीनंतर ओला टॉवेल पलंगावर टाकता तो सरळ नऊ.

मी तिथेच होते. मला वाटलं, आता बाबांचं तोंड उतरतं की काय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, स्टूल ओढलं आणि बसले.

"एकदम नको," ते म्हणाले. "माझ्या पाठीचं पाहिलंस ना, एकाच जागी लागोपाठ दिलं की चिडते. रोज चारला एकेक सांग."

आईने मान डोलावली आणि टॉवेलपासून सुरुवात केली.